दोन वाईट वर्षांमधली उसंत

मार्च लागला की गावोगावच्या विकास सोसायटीत नवं-जुनं सुरू होतं. गटसचिव सभासदांची यादी काढतो, फोन लावतो, वाटेत भेटेल त्याला आठवण करून देतो की एकतीस तारखेच्या आत भरा, नाहीतर सवलत जाईल. जूनमध्ये उचललेलं पीककर्ज मार्चअखेर भरायचं आणि थोड्याच दिवसांत तेच कर्ज, जमलं तर थोडं वाढवून, पुन्हा उचलायचं, असा हा रिवाज. सोयाबीनचे पैसे घरात असले तर त्यातून भरणा होतो. नसले तर पाहुण्याकडून, आडत्याकडून, कधी घरातलं सोनं गहाण ठेवून पैसे आणायचे आणि नवीन कर्ज हाती पडलं की परत करायचे. वहीत जुनं कर्ज फिटलेलं दिसतं, नवीन दिलेलं दिसतं. प्रत्यक्षात तोच आकडा एका वर्षातून पुढच्या वर्षात गेलेला असतो.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर केंद्राच्या आणि राज्याच्या सवलती मिळून ते महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला बिनव्याजी पडतं. म्हणून या एका तारखेला एवढं वजन. पण या रिवाजाच्या मुळाशी एक विश्वास आहे. यंदा पिकलं नाही तर पुढच्या वर्षी पिकेल, असं सोसायटीने, जिल्हा बँकेने, राज्य सहकारी बँकेने आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या नाबार्डने, सगळ्यांनी मिळून धरून चाललेलं असतं. पुढचं वर्ष बरं जाण्याची शक्यता जास्त असेल तरच कर्ज पुढे ढकलण्यात शहाणपण आहे.

हवामान बदलामुळे वित्तीय व्यवस्थेच्या स्थैर्याला धोका आहे, असं जगभरच्या मध्यवर्ती बँका गेली दहा वर्षं सांगत आहेत. हे ऐकलं की आपल्याला बुडालेली किनारपट्टीची शहरं आणि कोसळलेले शेअर बाजार आठवतात. मला मात्र हा विषय समजून घ्यायला सोसायटीची वही जास्त उपयोगी वाटते. एखादं नुकसान केवढं मोठं झालं, यापेक्षा दोन नुकसानांच्या मध्ये उसंत किती मिळाली, यावर पत टिकते की मोडते हे ठरतं. ती उसंत कमी होत जाणं म्हणजेच हवामानाची आर्थिक जोखीम, असं मला वाटतं. या एकाच गोष्टीकडे जरा सावकाश पाहू.

संकटात पैसा तगवण्याचे मार्ग माणसाने मुळात दोनच शोधले आहेत. एक, नुकसान अनेक माणसांमध्ये वाटणं. दुसरा, नुकसान अनेक वर्षांमध्ये वाटणं. पहिला मार्ग म्हणजे विमा आणि दुसरा म्हणजे कर्ज. हजार घरांपैकी दोन जळतील, बाकीच्यांच्या हप्त्यांतून त्या दोघांना भरपाई मिळेल, हा विम्याचा हिशोब. कर्जाचा हिशोब काळाच्या अंगाने चालतो. आजचा तोटा उद्याच्या कमाईतून फेडायचा. बँक, पतपेढी, सावकार, बचत गट, नाव काहीही असो, सगळे या दोन पायांवर उभे आहेत.

पाऊस हे दोन्ही पाय एकदम धरतो. घर जळतं तेव्हा शेजाऱ्याचं शाबूत असतं. दुष्काळ पडतो तेव्हा अख्ख्या तालुक्यावर पडतो. शिवारातल्या सगळ्यांचं सोयाबीन एकाच आठवड्यात पाण्याखाली जातं. त्यामुळे माणसांमध्ये नुकसान वाटून घेण्याचा मार्ग शेतीत पहिल्यापासून लंगडाच होता आणि आपली ग्रामीण पतव्यवस्था प्रामुख्याने दुसऱ्या पायावर, म्हणजे काळावर, चालत आली. वाईट वर्षाचं ओझं चांगल्या वर्षांनी उचलायचं. जुन्या जाणत्या लोकांना हे नीट ठाऊक होतं आणि त्यांनी त्यासाठी कायदेशीर व्यवस्थाही उभी केली होती.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करवली. पाहणी समितीचे अ. द. गोरवाला अध्यक्ष होते आणि धनंजयराव गाडगीळ सदस्य. शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के आणि सहकारी संस्थांचा जेमतेम ३ टक्के, हे त्या पाहणीतून पुढे आलं. १९५४ साली अहवाल आला, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९५६ मध्ये दोन निधी सुरू झाले. त्यातला एक राष्ट्रीय कृषी पत (स्थिरीकरण) निधी. दुष्काळ, टंचाई किंवा अन्य नैसर्गिक आपत्तीमुळे राज्य सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेचं अल्पमुदतीचं कर्ज वेळेत फेडता आलं नाही, तर ते या निधीतून मध्यम मुदतीचं करून द्यायचं. हवामानाच्या धक्क्यापासून पतव्यवस्था सावरण्याची तरतूद आपल्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्यात सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९८२ मध्ये नाबार्ड स्थापन झाली तेव्हा हा निधी तिच्याकडे गेला. सहकारी बँकांनीही आपल्या नफ्यातला हिस्सा अशाच स्थिरीकरण निधीत टाकायचा असतो.

हीच कल्पना आजच्या पुनर्गठनाच्या नियमांत आहे. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे नियम सैल केले. पूर्वी निम्मं पीक गेलं तरच मुदतवाढ मिळे, आता ३३ टक्के गेलं तरी मिळू लागली. नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत, दोन्हींत पहिलं वर्ष सुटीचं. पुनर्गठित कर्ज बँकेच्या वहीत थकीत न धरता चालू धरायचं, आणि शेतकऱ्याला नवीन पीककर्जही द्यायचं. नियम सहृदय आहेत, विचारपूर्वक केलेले आहेत. फक्त त्यांच्या पोटात एक गृहीतक आहे. वाईट वर्ष एकटं येतं, आणि त्याच्या मागून चार-पाच बरी वर्षं येतात.

या गृहीतकाचं मराठवाड्यात काय झालं ते पाहू. आजचा नियम २०१२ ला लावून एक काल्पनिक पण अगदी साधा हिशोब मांडतो. पाच एकरवाला सोयाबीनचा शेतकरी, जूनमध्ये घेतलेलं एक लाखाचं पीककर्ज. २०१२ चा खरीप दुष्काळात गेला. मार्च २०१३ ला भरणा झाला नाही आणि कर्जाचं पाच वर्षांसाठी पुनर्गठन झालं. पहिलं वर्ष सुटीचं, मग पंचवीस हजारांचे चार हप्ते, मार्च २०१५ पासून मार्च २०१८ पर्यंत, वर व्याज. २०१३ चा पाऊस चांगला झाला. खरीप आला, त्या वर्षीचं कर्ज फिटलं. रब्बीत ज्वारी आणि हरभरा हाताशी आलेला असताना २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. म्हणजे चांगल्या वर्षातूनही शिल्लक काही राहिली नाही. २०१४ चा खरीप दुष्काळात. त्या वर्षीचं एक लाख पुन्हा पुनर्गठनात, आणि मार्च २०१५ चा पहिला हप्ता चुकला. २०१५ चा खरीप पुन्हा दुष्काळात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, ते याच वर्षाच्या शेवटी. मार्च २०१६ ला या शेतकऱ्याच्या नावावर तीन बुडालेल्या पिकांचं मुद्दल उभं राहतं, सुमारे तीन लाख. जमीन तेवढीच पाच एकर. चार वर्षांत हाती आलेलं पीक धड एकच.

आणि हा हिशोब त्याला दर वर्षी नवीन कर्ज मिळत गेलं असं धरून केलेला आहे. बहुतेक ठिकाणी पहिला हप्ता चुकला की माणूस थकबाकीदाराच्या यादीत जातो. सातबाऱ्यावर बोजा असतोच, बेबाकी दाखला मिळत नाही आणि सोसायटीचं दार बंद होतं. मग बियाणं कृषी सेवा केंद्रातून उधारीवर, खत त्याच दुकानातून, लग्नाला पैसे खासगी सावकाराकडून, ट्रॅक्टरचा हप्ता फायनान्स कंपनीचा वेगळा. पुनर्गठनाने जे ओझं पाच वर्षांवर पसरायचं होतं, ते पसरायला वर्षंच उरली नाहीत.

मी वर म्हटलेली उसंत ती हीच. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या आठवणीत कायमचा आहे आणि त्या वेळी लोकांनी सोसलेलं आजच्या कुठल्याही वर्षापेक्षा भयंकर होतं. तरीही पतव्यवस्थेच्या दृष्टीने त्यानंतरची वर्षं सावरायला मिळाली. २०१२ नंतर मात्र यादीच लांबत जाते. दुष्काळ, गारपीट, सलग दोन दुष्काळ, २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत जाहीर झालेला दुष्काळ, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीचा महापूर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कापणीच्या तोंडावर कोसळलेला अवकाळी पाऊस. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ज्या मराठवाड्याला आपण कोरडा म्हणतो तिथे सीनेसारख्या नद्यांनी गावं वेढली आणि शेतातली माती वाहून नेली. यातली प्रत्येक घटना हवामान बदलानेच झाली असं मी म्हणणार नाही. एकेका घटनेचं कारण शोधणं हे शास्त्रज्ञांचं वेगळं आणि अवघड काम आहे. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, त्यामुळे मोठे पाऊस आणखी मोठे होतात आणि पावसातले खंड लांबतात, एवढं मात्र आता वादात राहिलेलं नाही. वित्तीय व्यवस्थेला एवढंच पुरे आहे. तिला घटनेचं कारण विचारायचं नसतं, तिला वारंवारिता हवी असते.

आता पहिल्या पायाकडे, विम्याकडे येऊ. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. शेतकऱ्याने खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के भरायचे, बाकीचा हप्ता केंद्राने आणि राज्याने. विचार असा की लातूर बुडालं तर नाशिक पिकेल, महाराष्ट्र बुडाला तर पंजाब पिकेल, आणि देश बुडाला तर परदेशातल्या पुनर्विमा कंपन्या आहेतच. वर्तुळ जितकं मोठं, तितकं वाटप सोपं. पण वर्तुळातल्या एका भागात दर दोन वर्षांनी नुकसान व्हायला लागलं, तर विमा कंपनी त्याला जोखीम मानत नाही. तो तिच्यासाठी ठरलेला खर्च होतो, आणि ठरलेल्या खर्चाचा विमा कोणी उतरवत नाही.

हे बीडमध्ये घडलं. २०२० मध्ये बीड जिल्ह्यासाठी विमा कंपन्या बोली लावायलाच पुढे येईनात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात आणि कॅलिफोर्नियात कंपन्या घरांचा विमा काढणं थांबवतात, याच्या बातम्या आपण वाचतो. तीच माघार आपल्याकडे एका जिल्ह्यातून झाली आणि तिच्याकडे कोणी त्या नजरेने पाहिलं नाही. शेवटी सरकारी कृषी विमा कंपनीला मध्ये घेऊन नवा करार झाला. जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची, त्यापुढची राज्य सरकारने. भरपाई कमी द्यावी लागली तर कंपनीने हप्त्यातला २० टक्के वाटा ठेवून उरलेली रक्कम सरकारला परत करायची. हाच ‘बीड पॅटर्न’. पुढे तो राज्यभर गेला.

या पॅटर्नचं कौतुक झालं आणि कंपन्यांच्या बेसुमार नफ्याला त्याने लगाम घातला हे खरंच आहे. पण त्यातली मर्यादा बारकाईने वाचली तर कळतं की मोठ्या आपत्तीची जोखीम विमा कंपनीने उचललेलीच नाही. ती राज्याच्या तिजोरीवर आलेली आहे. विमा ज्या प्रसंगासाठी असतो त्याच प्रसंगी विमा कंपनी बाजूला होते आणि सरकार पुढे येतं. त्यानंतर २०२३ च्या खरिपापासून राज्याने एका रुपयात पीक विमा दिला, खर्च पेलेना आणि गैरप्रकारही झाले, तेव्हा २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली. जाताना स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचं नुकसान यांची भरपाईही योजनेतून वगळली गेली. उरली ती फक्त पीक कापणी प्रयोगावर बेतलेली, म्हणजे मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरणारी भरपाई. आणि नेमक्या त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कर्जवसुलीला स्थगिती दिली. ते द्यायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इथे मुद्दा एवढाच की तोटा कोणाकडून कोणाकडे गेला याचा माग काढला तर रस्ता एकच दिसतो. शेतकऱ्याकडून सोसायटीकडे, सोसायटीकडून जिल्हा बँकेकडे, विमा कंपनीकडून राज्याकडे, आणि सगळं फिरून राज्याच्या अर्थसंकल्पात. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची योजना, २०१९ ची महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची योजना, या तिन्हींवर शिस्त बिघडवल्याची टीका होते. थोडी शिस्त बिघडतेही. पुढची माफी येईल म्हणून भरणा थांबवणारे सभासद प्रत्येक सोसायटीत असतात. तरी मला कर्जमाफी दिसते ती स्थिरीकरण निधीच्या ओबडधोबड, उशिरा येणाऱ्या आणि निवडणुकीच्या वेळापत्रकाला बांधलेल्या रूपात. जे काम दर वर्षी थोडं थोडं, नियमाने व्हायला हवं होतं ते साचत जातं आणि मग एकदम फुटतं.

मधल्या काळात जिल्हा बँकेचं काय होतं? सहकारात एक शब्द आहे, अनिष्ट तफावत. सोसायटीने बँकेला द्यायची रक्कम आणि सभासदांकडून सोसायटीला येणं असलेली रक्कम यांतला फरक. सभासद भरत नाहीत, बँक मात्र सोसायटीच्या नावावर व्याज लावत राहते, आणि तफावत वाढते. मग सोसायटीच बँकेची थकबाकीदार होते आणि तिचे चांगले सभासदही कर्जाला मुकतात. वीस सभासदांनी काटेकोर भरणा केलेला असतो आणि ऐंशींमुळे त्यांना कर्ज मिळत नाही. आपत्तीने न बुडालेला माणूस असा व्यवस्थेमुळे बुडतो. वित्तीय संकटाचा संसर्ग म्हणतात तो आपल्याकडे या तफावतीच्या रकान्यात दिसतो, आणि लेखापरीक्षणाच्या अहवालात दर वर्षी छापलेला असतो.

याहून गंभीर गोष्ट ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला आहे. जिल्हा बँकेचे कर्जदार आणि ठेवीदार एकाच आभाळाखाली राहतात. दुष्काळात कर्जाचा हप्ता येत नाही, आणि त्याच महिन्यात ठेवीदार चाऱ्यासाठी, टँकरसाठी, मुलीच्या फीसाठी ठेव मोडायला येतो. उसाचं बिल, दुधाचा पगार, बाजार समितीतली पट्टी ज्या खात्यांत जमा व्हायची ती खाती कोरडी पडतात. येणं थांबतं तेव्हाच देणं वाढतं. मोठ्या व्यापारी बँकेच्या ठेवी मुंबई-पुण्यातून येतात आणि कर्जं देशभर असतात, म्हणून एका जिल्ह्याचा दुष्काळ तिला जाणवत नाही. जिल्हा बँकेला, गावच्या पतसंस्थेला, बचत गटांच्या संघाला तो दोन्ही अंगांनी लागतो. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्हा बँकांना २०१४ नंतर केंद्र, राज्य आणि नाबार्ड यांनी भांडवल घातलं तेव्हा त्यांना परवाने मिळाले. त्या बँका आजारी पडण्यात कारभाराचा वाटा मोठा होता आणि पावसाच्या माथी ते पाप मारणं बरोबर नाही. पण वाईट कारभार चांगल्या पावसात वर्षानुवर्षं झाकला जातो. आभाळ फिरलं की तो उघडा पडतो, आणि तोवर ठेवीदाराचे पैसे अडकलेले असतात.

कोणी म्हणेल, जिल्हा बँका देशाच्या बँकव्यवस्थेत किती? त्या कोसळल्या तरी देश कोसळणार नाही. आकार पाहिला तर हे बरोबर आहे. पण मोठं वर्तुळ तरी किती सुरक्षित राहिलं आहे? २०१४ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या १२ टक्के कमी झाला आणि २०१५ मध्ये १४ टक्के कमी. प्रशांत महासागराचं पाणी तापलं, म्हणजे एल निनो आला, की लातूर, विदर्भ, कर्नाटक, तेलंगणा यांचं नशीब एकत्र बांधलं जातं. वेगवेगळी वाटणारी कर्जं एकाच कारणाने थकतात. मोठ्या बँकेने दहा राज्यांत कर्जं वाटली म्हणून जोखीम दहा ठिकाणी विभागली, असं कागदावर दिसतं. एल निनोच्या वर्षी ती पुन्हा एक होते. शिवाय पुनर्गठित कर्ज चालू धरायचं असल्यामुळे बँकेच्या वहीत हा धोका वर्ष-दोन वर्षं दिसतच नाही. दिसतो तेव्हा पुढचा हंगाम गेलेला असतो.

मध्यवर्ती बँकांचं या प्रश्नाकडे लक्ष गेलं ते २०१५ च्या सुमारास. त्या वर्षी २९ सप्टेंबरला लंडनमध्ये लॉइड्स या विमा बाजारातल्या विमा व्यावसायिकांसमोर बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी भाषण केलं. त्यांचं म्हणणं होतं की हवामान बदलाचे मोठे तडाखे उद्योगांच्या, राजकारण्यांच्या आणि मध्यवर्ती बँकांच्या नियोजनाच्या क्षितिजापलीकडे बसणार आहेत, त्यामुळे आजच्या पिढीला ते थांबवण्याची थेट गरज भासत नाही. २०१७ मध्ये पॅरिसला मध्यवर्ती बँकांचं एक जाळं उभं राहिलं. रिझर्व्ह बँक २०२१ मध्ये त्यात सामील झाली. २०२२ मध्ये तिने हवामान जोखमीवर चर्चापत्र काढलं, २०२४ च्या फेब्रुवारीत बँकांनी ही जोखीम कशी जाहीर करावी याचा मसुदा आला आणि ऑक्टोबरमध्ये हवामान जोखमीच्या माहितीचं एक भांडार तयार करण्याची घोषणा झाली.

कार्नींचं भाषण महत्त्वाचं होतं. पण क्षितिजाचा मुद्दा लंडनचा आहे, आपल्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडे तडाखा क्षितिजापलीकडे नाही. तो गेल्या मार्चच्या वसुलीत आहे.

बँकांनी आपापली जोखीम मोजावी, हे म्हणणं योग्यच आहे, पण इथे एक धोका आहे आणि त्याची पुरेशी चर्चा होत नाही. समजा प्रत्येक बँकेने प्रामाणिकपणे मोजलं आणि बीड, धाराशिव, जालना इथलं पीककर्ज जास्त जोखमीचं आहे असा निष्कर्ष निघाला. पुढे काय होईल? व्याज वाढेल, तारण जास्त मागितलं जाईल, शाखेचं उद्दिष्ट कमी होईल. बँकेचा ताळेबंद स्वच्छ होईल. शेतकरी मात्र पेरणी थांबवणार नाही. तो दुसरीकडून पैसे आणेल, जिथे नोंद नाही, नियम नाही आणि पुनर्गठन नाही. जोखीम होती तिथेच राहील, फक्त कोणाच्या वहीत दिसणार नाही.

आपल्या इतिहासात हे एकदा घडून गेलेलं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली, युद्ध संपलं, भाव कोसळले, शेतसारा वाढला आणि पत आखडली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. सरकारने आयोग नेमला, मधल्या काळात १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. कर्जदाराच्या बाजूने तो चांगला कायदा होता. पण सावकारांनी हात आखडता घेतला आणि अनेकांनी गहाणखताऐवजी जमिनीचं खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. पतपुरवठ्याची दुसरी सोय न करता एक दार बंद केलं की माणूस आणखी वाईट दारात जातो, हे तेव्हा कळलं. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा येईपर्यंत आणखी पंचवीस वर्षं आणि दोन मोठे दुष्काळ गेले.

म्हणून माझा आग्रह आहे की हवामान जोखमीचं मोजमाप कर्ज नाकारण्यासाठी न वापरता हप्ता ठरवण्यासाठी वापरावं. आज हप्त्याची तारीख ३१ मार्च आहे, मग पाऊस कसाही पडो. माहिती मात्र आता कमी नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते. पीक कापणी प्रयोगातून त्याच मंडळाचं उत्पादन कळतं. २०२२ मध्ये केंद्राने ६३ हजार प्राथमिक पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, त्यामुळे सोसायट्यांची वसुलीही संगणकावर येऊ लागली आहे. पाऊस महसूल खात्याकडे, उत्पादन कृषी खात्याकडे आणि वसुली सहकार खात्याकडे, एवढाच अडथळा आहे. ही तिन्ही प्रकारची माहिती मंडळनिहाय शेजारी ठेवली तर कुठल्या गावाला गेल्या सहा वर्षांत किती उसंत मिळाली ते थेट वाचता येईल. ज्या मंडळात पुनर्गठन सुरू असतानाच दुसरं वाईट वर्ष आलं, तिथे जुन्या कर्जाचे हप्ते आपोआप पुढे सरकावेत आणि त्या काळाचं व्याज स्थिरीकरण निधीने सोसावं. शेतकऱ्याला अर्ज, मोर्चा किंवा निवडणूक यांची वाट पाहावी लागू नये. उत्पादन चांगलं आलं त्या वर्षी हप्ता थोडा मोठा असावा. भाव मिळालेल्या वर्षी जास्त भरायला शेतकऱ्याची ना नसते.

आणि तो निधी भरायचा कुणी? १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो आपल्या पैशातून सुरू केला, कारण खेड्यातली पत टिकवणं हे तिने स्वतःचं काम मानलं होतं. आज तो भरणाऱ्यांत मोठ्या व्यापारी बँका असायला हव्यात, कारण देशभर पसरलेल्या असल्यामुळे एका जिल्ह्याच्या आपत्तीतून त्या सुटतात. विमा कंपन्या असायला हव्यात, कारण ११० टक्क्यांच्या वरची जोखीम त्यांनी सोडून दिली आहे. आणि राज्य सरकार असायला हवं. आपत्तीनंतर पॅकेजसाठी पैसा उभा करताना राज्याला दुसरीकडची विकासकामं थांबवावी लागतात किंवा कर्ज काढावं लागतं, आणि ते काढायचं तेही नेमकं महसूल घटलेल्या वर्षी. चांगल्या पावसाच्या वर्षी अर्थसंकल्पात ठरलेला हिस्सा बाजूला काढणं यापेक्षा स्वस्त पडेल. आज कुठल्याही वित्तमंत्र्यावर असं करण्याचं बंधन नाही. ते कायद्याने घालावं लागेल, कारण चांगल्या पावसाच्या वर्षी पुढच्या दुष्काळासाठी पैसे मागायला विधानसभेत कोणी उभं राहत नाही.